वॉश वाळेपर्यंतचा वेळ : कोल्हापुरातल्या एका चित्रकार शिक्षिकेचं प्रकरण

कोल्हापुरातली एक चित्रकला शिक्षिका. चाळिशीच्या आतली. शाळेत अर्धवेळ नोकरी, शनिवार-रविवारी घरी जलरंगाचे वर्ग, आणि इन्स्टाग्रामवर जलरंगाच्या रील्सचं चांगलं चाललेलं खातं. शहरातल्या तळ्यांवर चित्रमालिका करायची आणि दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात ती मांडायची, हे तिच्या मनात कैक वर्षांपासून होतं. हात रोज चालत होता, रोज काही ना काही रंगवून होत होतं, मालिका मात्र जागची हलत नव्हती. पुढे तिने खातं बंद केलं, मालिका पूर्ण झाली, प्रदर्शनही झालं. एवढं ऐकून कुणीही म्हणेल की फोन सुटला, वेळ मिळाला, चित्रं झाली. मी हे प्रकरण जवळून पाहिलं आहे आणि ते इतकं सरळ नाही. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. लिहायला तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

खातं कशासाठी होतं

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. शाळा बंद होत्या, वर्ग बंद होते. तिने टेबलावर स्टँड लावला, फोन कागदाच्या बरोब्बर वर टांगला आणि रंकाळ्याची संध्याकाळ रंगवतानाचं चित्रण टाकलं. ते चाललं. मग अंबाबाईच्या देवळातला गरुड मंडप, जोतिबाची वाट, गंगावेशीतला दूधकट्टा. पुण्या-मुंबईला गेलेल्या कोल्हापूरकरांनी ते डोक्यावर घेतलं आणि ऑर्डरी यायला लागल्या. लग्नात भेट द्यायला देवळाचं चित्र, वास्तुशांतीला घराचं चित्र, वडिलांच्या एकसष्टीला त्यांच्या गावच्या वाड्याचं.

हे पैसे खरे होते. तिच्या यजमानांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, तेव्हा तिथलं काम मंदावलं होतं. अर्धवेळ शिक्षिकेच्या पगारात घर कसं चालतं ते शिक्षकांना वेगळं सांगायला नको. सोशल मीडिया सोडा असं सांगणारे बहुतेक जण ते व्यसन आहे असं धरून बोलतात. तिच्यासाठी तो धंद्याचा गाळा होता. गाळा बंद कर असं सांगणाऱ्याने आधी भाड्याचं काय ते बोलावं, असं मला वाटतं.

वहीत काय सापडलं

ती माझ्याकडे आली ती वेळेची तक्रार घेऊनच. "सर, वेळच पुरत नाही." फोनमधल्या नोंदीत रोजचे अडीच-तीन तास दिसत होते. त्यातला निम्मा वेळ तर ऑर्डरीच्या निरोपांचा आणि रील जोडण्याचा होता. शिवाय रात्री साडेनऊनंतर तिच्या हातात दोन मोकळे तास असायचे. म्हणजे वेळ अगदीच नव्हता असं नाही. मी तिला एक वही ठेवायला सांगितली. फोन हातात घेतला की किती वाजले ते लिहायचं नाही, त्या क्षणी समोरचं चित्र कुठवर आलं आहे ते लिहायचं.

आठवड्याभराने वही पाहिली. पानापानावर एकच नोंद, थोड्याफार फरकाने: वॉश वाळत होता.

ज्यांनी जलरंग हाताळलेले नाहीत त्यांच्यासाठी हे नीट सांगायला हवं. वॉश म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा मोठा सलग थर. पहिला वॉश दिला की कागद ओला असतो, चकाकतो. थोड्या वेळाने चकाकी उतरते, पण हाताची मागची बाजू टेकवली तर कागद अजून गार लागतो. तळ्याच्या चित्रात सगळं या वेळेवर अवलंबून असतं. पलीकडच्या काठावरची झाडं, पाण्यात उतरलेली त्यांची सावली, रंकाळ्यातल्या संध्यामठाची पाण्यातली कड, हे सारं याच वेळात लागतं, कारण रंग किंचित पसरतो आणि मग थांबतो. घाई केली तर रंग वाहून जातो. उशीर झाला तर कड करकरीत बसते आणि पाणी पत्र्यासारखं दिसायला लागतं. अर्धवट वाळलेल्या कागदाला भरलेला ब्रश टेकला तर डाग फुलतो, तो मग निघत नाही. मे महिन्यात ही संधी मिनिट-दोन मिनिटांची. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत वॉशला अर्धा तासही लागतो आणि संधी नेमकी कधी येईल हे घड्याळ सांगू शकत नाही. कागदाकडे बघत बसावंच लागतं.

ती नेमकी त्या वेळात फोन उचलत होती. हात रिकामा झाला म्हणून उचलला, एक निरोप बघितला, त्याला उत्तर दिलं, तोवर कागद वाळला. मग करकरीत कडांवर काम भागवायचं. तिच्या त्या दोन-तीन वर्षांतल्या चित्रांत पाणी मेलेलं का दिसत होतं, याचं उत्तर मला त्या वहीत मिळालं.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. इथेही तेच होत होतं. फोन दोनच मिनिटं हातात असायचा, पण ग्राहकाने भाव पाडून मागितलेला असायचा आणि पुढचा अर्धा तास तिचं डोकं त्या भावात असायचं. पाणी रंगवताना डोक्यात भाव असला की काय होतं, ते कागदावर दिसत होतं.

स्टँड

दुसरी गोष्ट मला तिच्या घरी गेल्यावर दिसली आणि ती मला जास्त गंभीर वाटते.

जलरंगाचा बोर्ड थोडा तिरका ठेवतात. वरची कड खाली दोन पुस्तकं घालून उचलली तरी पुरे. त्या उतारावर वॉश खाली ओघळत येतो, ब्रशने त्याची ओळ पुढे पुढे न्यायची आणि शेवटी तळाला साठलेलं पाणी कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचं. आकाश आणि पाणी एकसंध येतं ते यामुळे. विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्या आठवड्यात हे शिकवतो. तिच्या टेबलावरचा बोर्ड सपाट होता. वरून टांगलेल्या कॅमेऱ्याला तिरका कागद वेडावाकडा दिसतो म्हणून. सपाट बोर्डावर पाणी मधे साचत होतं. शिवाय फोनमध्ये डोकं येऊ नये म्हणून ती मान मागे घेऊन, हात लांब करून रंगवत होती. स्टँडची सावली कागदावर पडत होती आणि ती चुकवायला दिवा चुकीच्या बाजूला गेला होता.

यातलं काहीही तिने ठरवून केलेलं नव्हतं. चित्रणासाठी एक-एक सोय होत गेली आणि तिची रंगवण्याची बैठकच बदलली.

कागदाचंही तेच. रील उभी असते, नऊला सोळा. तळं आडवं असतं. रंकाळ्याच्या काठावर उभं राहिलं की एका बाजूला शालिनी पॅलेस, समोर पाणी, लांबवर डोंगराची रेघ. डोळा डावीकडून उजवीकडे जातो. हे उभ्या कागदात बसत नाही. म्हणून तिच्या चित्रांत तळी कमी आणि देवळाची शिखरं, बोळ, वडाच्या पारंब्या जास्त. तळ्यांची मालिका पुढे का सरकत नव्हती, याचं साधं कारण हेही होतं.

आणि मग पुनरावृत्तीचा प्रश्न. कोल्हापूरला कलानगरी म्हणतात ते ज्यांच्यामुळे, त्यांत आबालाल रहिमान हे थोर नाव. शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार, १९३१ मध्ये गेले. कोटितीर्थ आणि रंकाळा त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. तोच काठ, वेगळी वेळ, वेगळं ऊन. निसर्गचित्रात दुसरा मार्ग नाही. एक घाट निदान वीस वेळा रंगवल्याशिवाय तो कळत नाही. तिने एकदा पतौडी घाटाची ओळीने चार चित्रं टाकली, तर खाली प्रतिक्रिया आली, "मॅडम, परत रंकाळाच?" लिहिणाऱ्याने सहज लिहिलं असेल. तिने पाचवं केलं नाही. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं नुकसान ते न झालेलं पाचवं चित्र आहे.

मर्यादा घालून पाहिली

एकदम बंद करा, असं मी सांगितलं नव्हतं. आधी वेळेची मर्यादा लावून पाहिली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला २०१८ चा एक अभ्यास आहे. १४३ विद्यार्थी, त्यांतल्या एका गटाला तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटं. त्या गटातलं एकटेपण आणि खिन्नता कमी झाली. मर्यादा कामाची असते, यात शंका नाही. पण ते विद्यार्थी बघे होते. ही माल पुरवणारी होती. अर्ध्या तासात बघणं उरकता येतं. खात्याला पोसण्यासाठी जे करावं लागतं ते बाकीच्या साडेतेवीस तासांत चालू राहतं: काय रंगवायचं, कुठल्या क्षणी थांबायचं, शेवटचा फटकारा कॅमेऱ्यासाठी राखून ठेवायचा.

मग भाचा मदतीला आला. खातं मी सांभाळतो, तू नुसती रंगव, म्हणाला. पोरगा मनाने चांगला, पण दर दोन दिवसांनी त्याचा फोन: "मावशी, काहीतरी दे की टाकायला." ते महिनाभर चाललं. अॅप काढून टाकलं तर ब्राउझरमधून उघडायची सवय लागली, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

बंद कसं केलं

दिवाळीच्या ऑर्डरी पुऱ्या करून तिने महिनाभर आधी खात्यावर सूचना लावली. चालू असलेली कामं पूर्ण होतील, नवीन घेत नाही, संपर्कासाठी हा नंबर. जुन्या ग्राहकांना एकेक करून निरोप पाठवले आणि नाव, गाव, काय घेतलं होतं हे एका जाड वहीत उतरवून घेतलं. मग खात्यावरचा सगळा मजकूर उतरवून घेतला आणि खातं निष्क्रिय केलं. कायमचं पुसलं नाही. इन्स्टाग्रामवर पुसण्याची विनंती केली की ३० दिवसांनी सगळं जातं, परत मिळत नाही. निष्क्रिय ठेवलं तर लपून राहतं. इतक्या वर्षांची ग्राहकांशी झालेली बोलणी त्यात होती. पुसून टाकण्यात एक थरार असतो खरा, पण संसारी माणसाने तो परवडतो का ते बघावं. तिने बघितलं, हे मला आवडलं.

व्हॉट्सअॅप ठेवलं. वर्गाच्या पालकांचा गट त्यावर, आणि गल्लीचाही. इथे कोल्हापूरची एक अडचण आहे जी बाहेरच्यांना कळणार नाही. जुलै-ऑगस्टात आमच्याकडे घराघरात एकच विचारणा असते, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? हा पंचगंगेवरचा बंधारा; तिथली इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना त्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा असं कोण सांगेल? तिचं माहेर नदीकाठच्या भागात आहे. म्हणून ठरलं असं की गट चालू, पण रंगवताना फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर, घंटी मोठी. पाणी चढलं तर आई फोन करेल. गटावर येणाऱ्या व्हिडिओंची तिला गरज नव्हती.

स्टँड भाच्याला देऊन टाकला. बोर्डाखाली दोन जुने दिवाळी अंक गेले.

पहिले महिने

वॉश वाळेपर्यंत करायचं काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहिला. तिला ते बसणं सहन होईना. उठून भांडी आवरायची, चहा टाकायची, आणि परत येईपर्यंत कागद वाळलेला. फोन नव्हता तरी तेच. म्हणून मी म्हणतो की फोन सुटल्याने चित्रं झाली नाहीत. फोन सुटल्यावर कळलं की बसण्याची सवयच गेली आहे. ती परत लावून घ्यावी लागली. त्या वेळात बाजूच्या रद्दी कागदावर पेन्सिलने फक्त काळं-पांढरं, काडेपेटीएवढं छोटं टिपण करायचं, असा तोडगा निघाला. डोळा चित्रावर राहतो, हात चालू राहतो, आणि कागद गार लागायला लागला की लगेच कळतं. हळूहळू तीही टिपणं कमी झाली. नुसतं बघणं जमायला लागलं.

कौतुक गेलं, ते मात्र तिला फार जड गेलं. ऑर्डरी कमी होणार हे माहीत होतं. चित्र पूर्ण झालं आणि ते कुणीच पाहिलं नाही, याची तयारी नव्हती. "कपाटात ठेवायला करायचं व्हय सर?" असं तिने एकदा विचारलं, डोळ्यांत पाणी होतं. चित्र बघायला माणूस लागतो; ही गरज खोटी नाही आणि तिला हट्ट म्हणून झटकू नये. आम्ही महिन्यातून एका रविवारी सकाळी तिच्या घरी जमायचं ठरवलं. मी, तिची एक मैत्रीण जी मूर्तिकाम करते, आणि तिचे फ्रेमवाले मामा. मामांनी जन्मभर कोल्हापुरातल्या चित्रकारांची चित्रं काचेत बसवली आहेत. शब्द तोलून बोलण्याची त्यांना सवय नाही. कळंबा तलावाचं एक मोठं चित्र बघून म्हणाले, "ताई, रंग झ्याक हाय. पर ह्यात पाणी कुठं हाय?" खात्यावर तेच चित्र टाकलं असतं तर शेकड्यांनी बदाम आले असते. तिने ते परत केलं. तीन वेळा. तिसऱ्याला मामा काही बोलले नाहीत, फक्त मापाची टेप काढली.

बुजलेली तळी

मालिकेला खरी कलाटणी मिळाली ती यानंतर. रंकाळा, कोटितीर्थ, कळंबा, विद्यापीठाच्या बाजूचा राजाराम तलाव ही आजची तळी ती रंगवतच होती. पण हे शहर मुळात तळ्यांचं. भाजी घ्यायला आपण जातो ते कपिलतीर्थ मार्केट कपिलतीर्थाच्या जागेवर आहे. सभा आणि क्रिकेट होतं ते गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. नावं उरली, पाणी गेलं. तिने नसलेली तळी रंगवायची ठरवलं.

कपिलतीर्थात सकाळी ती कोपऱ्यात बसायची, मंडई भरायच्या आधीपासून. मेथीच्या पेंढ्या सोडणाऱ्या एका आजींनी विचारलं, काय काढतीयास? तळं, म्हणाली. आजी म्हणाल्या, "हितं हुतं म्हणत्यात. म्या काय बघितल्यालं न्हाई." ते चित्र मला फार मोलाचं वाटतं. खालचा सगळा भाग एका ओल्या करड्या वॉशमध्ये आहे, फरशी म्हणावी तर फरशी, पाणी म्हणावं तर पाणी, आणि त्यावर भाजीच्या पाट्या. मऊ कडा सगळ्या त्या गार कागदाच्या वेळात लागलेल्या. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं, लोक वैतागतात. ती छत्री घेऊन तिथे गेली आणि वरुणतीर्थ परत आलेलं रंगवलं.

हे रीलमध्ये चाललं नसतं. बघणाऱ्याला पहिल्या दोन सेकंदांत काहीच सापडलं नसतं, कारण इथे काय होतं हे आधी माहीत असावं लागतं.

किंमत

ऑर्डरी निम्म्याहून खाली आल्या. वहीतल्या जुन्या ग्राहकांकडून काही काम येत राहिलं, ती दर सणाला त्यांना स्वतःहून फोन करायची. व्हॉट्सअॅपच्या प्रसारण यादीचा (ब्रॉडकास्ट लिस्ट) उपयोग वाटला तेवढा झाला नाही, कारण समोरच्याने तुमचा नंबर साठवलेला नसेल तर त्याला निरोप जातच नाही. वर्गावर परिणाम झाला नाही; ते पूर्वीपासून पालकांच्या सांगण्यावरूनच भरत होते. यजमानांनी "वरीसभर बघू, मग बोलू" असं सांगितलं आणि शब्द पाळला. तो आधार नसता तर मी तिला हा मार्ग सुचवला नसता. एकट्या कमाईवर घर असलेल्या कलावंताने हे प्रकरण जसंच्या तसं उचलू नये.

एक गोष्ट मला आजही खुपते. निसर्गचित्रणाच्या एका शिबिराची नोंदणी तिच्या हातून गेली, कारण सूचना फक्त इन्स्टाग्रामवर आली होती. जिथे पूर्वी कार्ड यायचं, निदान फोन यायचा, तिथे आता खातं नसलेला चित्रकार कुणाच्या हिशेबातच नाही. संस्थांनी एक कागद कलादालनाच्या फळ्यावर लावायला काय हरकत आहे?

प्रदर्शन आणि सध्याची व्यवस्था

प्रदर्शनात वीसेक चित्रं होती, बहुतेक आडवी. निमंत्रणं तिने हातांनी वाटली, वर्तमानपत्रांनी बातमी दिली. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजची मुलं आली, त्यांनी फोटो काढून आपापल्या खात्यांवर टाकले आणि शनिवार-रविवारी गर्दी झाली ती त्यामुळेच, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यात मला विसंगती वाटत नाही. ती चित्रं पूर्ण होऊन, काचेत बसून भिंतीवर लागलेली होती. त्यांचं काय करायचं ते आता कुठलीही प्रतिक्रिया ठरवू शकत नव्हती. कपिलतीर्थाचं चित्र विकलं गेलं नाही. तिने ते विक्रीला ठेवलंच नव्हतं. रंकाळ्याची बरीच गेली.

आता खातं परत उघडलं आहे. त्यावर फक्त पूर्ण झालेल्या चित्रांचे फोटो असतात, प्रतिक्रिया बंद, आणि ऑर्डरीचे निरोप नणंदेची मुलगी ठराविक मोबदला घेऊन बघते. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये अॅप नाही. उत्पन्न अजून पूर्वीच्या पातळीला आलेलं नाही.

पुढची मालिका पंचगंगेच्या घाटाची आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की घाट बुडतो, त्यामुळे बसायला जागा कुठली हा पेच आहे. शिवाजी पुलाजवळच्या एका घराची गच्ची मिळण्यासारखी आहे आणि मालकांशी तिचं बोलणं चालू आहे.